आमटी-भाकरीचं कारण

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण. बोललं तसं उतरवून घेतलं आहे.)

आम्हाला कीर्तनाला उभं राहायची सवय आहे, भाषणाची नाही. कीर्तनात कुठं अडलं तर मागचे टाळकरी सांभाळून घेतात. इथं माइकपुढं एकट्यालाच उभं केलंय. शिक्षण म्हणाल तर चौथी. तेव्हा शब्द मागंपुढं झाला तर माउली समजून पदरात घ्या.

सकाळपासून आम्हाला पाच-सहा जणांनी एकच विचारलं. महाराज, दिंडीला शंभर वर्षं झाली, एवढा मोठा मंडप घातला, आणि पंगतीला आमटी-भाकरी? पुरणपोळी का नाही? एका व्याहीबुवांनी तर हळूच विचारलं, की कमिटीत काही भांडणबिंडण झालं काय? तर भांडण झालं होतं, हे आम्ही लपवत नाही. मिटलंसुद्धा. कशावरून झालं आणि कसं मिटलं तेच सांगायला उभं राहिलोय. तसं पाहिलं तर आमटी-भाकरीला कमी लेखायचं कारण नाही. गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात लाखो माणूस आमटी-भाकरीच खातं आणि तृप्त होऊन जातं. पण आज ती का, हे सांगायचं तर पावसापासून सुरुवात करावी लागंल.

आमची शाळा पावसानंच सोडवली. १९७२ साल. चौथी पास झालो होतो, पाचवीला पायी जावं लागत होतं. त्या वर्षी मृग कोरडा, आर्द्रा कोरडी, पोळ्याला बैल धुवायला ओढ्यात पाणी नव्हतं. वडिलांनी दप्तर खुंटीला अडकवलं आणि आम्हाला आईबरोबर खडी फोडायला पाठवलं. मोठी माणसं पाझर तलावाच्या कामावर, पोरंसोरं खडीवर. दुपारी सुकडी मिळायची. रेशनला लाल मिलो यायचा, अमेरिकेचा, त्याची भाकरी थापताना आई रडायची कारण ती थापलीच जायची नाही, तुटायची. दप्तर खुंटीवरच राहिलं. वि. स. पागे साहेबांची रोजगार हमी त्याच काळात राज्यभर पोचली आणि पुढं तिचा कायदा झाला. त्या हमीनं किती घरं तरली त्याला हिशोब नाही. आमचं घर त्यातलं एक.

पण बहात्तरच्या दुष्काळाची एक गोष्ट ध्यानात घ्या. विहिरीला थोडं का होईना पाणी होतं, धान्य नव्हतं. आणि दुसरी गोष्ट, ते एक संकट होतं. आलं, दीड-दोन वर्षं राहिलं, गेलं. त्र्याहत्तरला पाऊस झाला, लोकांनी पुन्हा औत धरलं. संकट गेल्यावर श्वास घ्यायला जागा मिळाली.

आमचे आजोबा ह्या दिंडीच्या पहिल्या पिढीतले. ते वेगळंच सांगायचे. १९१८ साली पाऊस गेला, बाजरी जागेवर करपली, धान्याचे भाव चढले. माणसं अर्धपोटी झाली आणि नेमकी सुगीच्या टायमाला मानमोडी आली. मानमोडी म्हणजे इन्फ्लूएंझा. ताप यायचा, मान धरायची, तीन-चार दिवसांत खेळ खलास. देशात एक कोटीच्या वर माणूस त्या साथीत गेलं. आजोबा म्हणायचे, नुसता दुष्काळ असता तर कंदमुळं खाऊन जगलो असतो, नुसती मानमोडी असती तर पोटभर खाल्लेलं अंग तिला झुंजलं असतं. दोन्ही एकदम आल्या म्हणून घरंच्या घरं बसली. रब्बीची पेरणी करायला उभा माणूस राहिला नाही, म्हणजे पुढल्या वर्षीची उपासमार तिथंच पेरली गेली. अशातून उरलेली माणसं एकमेकांचा आधार धरून पंढरीला चालू लागली. पुढं आठ वर्षांनी त्याची रीतसर दिंडी झाली. आजोबांचं म्हणणं असं, की ही दिंडी भजनासाठी निघाली हे खरं, पण वाटेत एकटं पडायला नको म्हणूनही निघाली.

आता मागं जा. आपल्या तुकोबारायांच्या चरित्रात दुष्काळ येतो. आम्ही चाळीस वर्षं कीर्तनात तो सांगत आलो. दुकान बसलं, दिवाळं निघालं, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. पुढं तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली. इथवर आपल्याला ठाऊक आहे. पण एका शिकलेल्या प्राध्यापकांनी आम्हाला त्या दुष्काळाची पुढची हकीकत सांगितली. १६३० साली पाऊस झाला नाही. इकडं दख्खनवर शहाजहान बादशहाची स्वारी, बुऱ्हाणपुराला छावणी, रानातलं उरलंसुरलं फौजेच्या घोड्यांना. दुसऱ्या साली लोकांनी आशेनं पेरलं, तर तिकडं गुजरातेत पाऊस एवढा कोसळला की उभं पीक बुडालं आणि मागून रोगराई. अवर्षण, लढाई, अतिवृष्टी, रोग. एकाच्या पाठीवर एक. हे ऐकलं त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. कर्जखतं नदीत सोडणं हे आम्ही आजवर नुसतं वैराग्य म्हणून सांगत होतो. त्या रात्री वाटलं, तुकोबांनी गावातल्या माणसांचा हिशोबच मांडला असंल. ज्याच्यावर चार संकटं एकदम पडली तो हे कर्ज ह्या जन्मात फेडू शकत नाही, हे त्यांना सावकाराच्या वहीवरूनच दिसलं असणार. ते स्वतः महाजन होते. हा आमचा तर्क आहे, चुकत असंल तर जाणत्यांनी कान धरावा.

आता आमच्या शेतावर येतो. तुम्हाला ठाऊक आहे, राहात्याचा पेरू. नगर-मनमाड रस्त्यानं शिर्डीला जाणारा भाविक गाडी थांबवून पाटी घेतो तो आपला सरदार पेरू. आमचा एक एकर आहे, बाकी अडीच एकरात सोयाबीन, मका, बाजरी, मागून कांदा. गोदावरीच्या उजव्या कालव्याचं आवर्तन मिळालं तर मिळालं.

२०१८ ला पाऊस दगा देऊन गेला. सरकारनं राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. २०१९ चा उन्हाळा आला तसा विहिरीचा तळ दिसला. झाडं वाचवायला टँकर घातले. आठवड्याला दोन. कारभारणीच्या पाटल्या त्या टँकरात गेल्या, आम्ही बोललो नाही, ती पण बोलली नाही. पाऊस जूनमध्ये नाही, जुलैत थोडा. मका उगवला तर त्याच्यावर लष्करी अळी, ती त्याच वर्षी आपल्याकडं नवी आलेली, काय फवारावं कुणाला कळंना. ऑगस्टमध्ये गंमत पाहा. नाशिकला एवढा पाऊस की गोदावरी दोन्ही थड्या भरून वाहती, पुणतांब्याला माणसं पूर बघायला जाती, आणि नदीपासून थोड्याच अंतरावर आमच्या सोयाबीनीत हात जाईल एवढ्या भेगा. त्याच दिवसांत कोल्हापूर-सांगलीत माणसं होडीतून काढत होते. एकाच महाराष्ट्रात, एकाच आठवड्यात.

तरी सप्टेंबरच्या पावसावर पिकं सावरली. दसऱ्याला आम्ही कारभारणीला म्हणालो, पाटल्या परत येतील. मग ऑक्टोबर अखेर आला. अरबी समुद्रात एकाच वेळी दोन चक्रीवादळं, क्यार आणि महा. काढायला आलेली सोयाबीन, काढून शेतात पडलेली बाजरी, आणि वरून रोज पाऊस. दिवाळीत आम्ही शेतात गेलो तर उभ्या सोयाबीनच्या शेंगेतून मोड बाहेर आलेले. बाजरीच्या कणसावर हिरवंगार गवत उगवावं तसे कोंब. कांद्याचं रोप पिवळं पडून सडलं. पेरूवर देवी रोग. सरकारनं खरिपाला हेक्टरी ८ हजार आणि फळबागेला १८ हजार जाहीर केले. टँकरचंच बिल त्याच्यापेक्षा जास्त.

आता ऐका, ह्या भाषणातली आमची लाजेची गोष्ट. त्याच पंधरवड्यात एका गावात आमचं कीर्तन होतं. सवयीनं आम्ही बोलून गेलो, की बाबांनो, देव परीक्षा पाहतो, डगमगू नका. कीर्तन झालं, माणसं पाया पडून गेली. आपल्या दिंडीतला एक टाळकरी, नाव घेत नाही, तो मागं थांबला. वीस वर्षं आमच्या मागं टाळ धरून उभा राहिलेला माणूस. म्हणाला, "म्हाराज, परीक्षा घ्यावी, पर एका वर्षात किती येळा? पैली इयत्ता पास व्हायच्या आत दुसरीचा पेपर, त्येच्या आत तिसरीचा. आन् प्रत्येक येळेला फी आमीच भरायची का?" 

आमच्याकडं उत्तर नव्हतं. चाळीस वर्षं दृष्टांत देणाऱ्या माणसाला एक दृष्टांत सुचला नाही. आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्यानं तो हळूच काढला. डिसेंबरात त्यानं बैलजोडी विकली, जमीन वाट्यानं दिली आणि पुण्याकडं कंपनीत वॉचमन म्हणून लागला. पाच-सहा वर्षं झाली. वारीला येतो, पण तीन दिवसांची रजा मिळते म्हणून थेट शेवटच्या मुक्कामाला गाठतो. त्याचा मुलगा आता शेती करणार नाही म्हणतो. त्या दिवसापासून आम्ही कीर्तनात परीक्षेचा शब्द बंद केला. ज्याचं नुकसान झालं नाही त्यानं ज्याचं झालं त्याला परीक्षा सांगू नये.

मग आम्ही विचार करू लागलो, की हे होतं काय नेमकं? बैलवाल्यांना कळंल. बैलाचा खांदा आला, सुजला, की आपण त्याला आठ दिवस जुंपत नाही. हळद-तेल लावतो, खांदा बसू देतो. मग तोच बैल पुन्हा दिवसभर नांगर ओढतो. पण आलेल्या खांद्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा जू ठेवलं तर? ओझं कालच्याएवढंच, पण बैल बसतो. मग बघणारा म्हणतो, एवढ्या ओझ्यात बसला, बैल कमजोर आहे. माणसाचं तसंच झालंय. एक दुष्काळ, एक गारपीट, हे शेतकरी बापजाद्यापासून सोसत आला. दोन संकटांच्या मध्ये जी दोन-चार वर्षं असायची त्यात तो कर्ज फेडायचा, बी राखायचा, पोरीचं लग्न करायचा, पेवात धान्य टाकायचा. ती मधली वर्षंच आता राहिली नाहीत.

जमिनीलाही तेच. आपली काळी माती. ती तापून तापून दगडासारखी झाली, आणि त्याच्यावर एका रात्रीत महिन्याचा पाऊस पडला, की मुरत नाही, वाहतो. वाहताना वरचा कस घेऊन जातो. म्हणजे दुष्काळानं पुराला वाट करून दिली. आणि पूर गेला की विहिरीला पाणी नाहीच, कारण मुरलंच नाही. पाण्याच्या अभ्यासाची माणसं सांगतात, हवा एक अंशानं तापली की ती साधारण सात टक्के जास्त वाफ धरते. म्हणजे धरून ठेवते तेव्हा जास्त दिवस धरते आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. आम्ही चौथी शिकलो तरी हे आम्हाला पटकन कळलं, कारण आमच्या पडवीत बसून आम्ही तेच बघतो. 

कागदाला मात्र हे कळत नाही. आपल्याकडं वर्षाचा पाऊस चारशे-पाचशे मिलिमीटर. तीन महिने कोरडे गेले आणि चार रात्रीत सगळा पडला, तर वर्षाच्या शेवटी कागद म्हणतो, पाऊस सरासरीएवढा झाला. सरासरीत शेतकरी दोनदा मेलेला दिसत नाही. मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर अतिवृष्टी. दुष्काळाचे निकष निराळे, गारपिटीचा पंचनामा निराळा. प्रत्येक संकटाची फाईल वेगळी. पण घर एकच आहे ना? तलाठी भाऊसाहेब येतात, तेही बिचारे तीन-तीन गावं बघतात, ते विचारतात यंदाच्या पावसात किती गेलं. मागच्या उन्हाळ्यात पाटल्या गेल्या ते लिहायला त्यांच्या कागदात रकाना नाही.

२०२० आणि २०२१ चं जास्त बोलत नाही. तुम्ही सगळे तेव्हा होता. वारी बंद. पादुका एसटीनं पंढरीला गेल्या, आणि आपण उंबऱ्यात उभं राहून पंढरीच्या दिशेला हात जोडले. शिर्डीचं मंदिर १७ मार्च २०२० ला बंद झालं ते पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडलं. तोवर रस्त्यावर गिऱ्हाईक नाही, पेरू झाडाखाली गळून माशा घोंगावत. मध्ये जूनमध्ये निसर्ग वादळ येऊन गेलं. आपल्याकडं कोकणाएवढा मार नव्हता, पण पिचलेल्या माणसाला मोठा मार लागतच नाही.

२०२३ चं मात्र सांगायलाच पाहिजे, कारण त्यात आपण माणूस म्हणून घसरलो. त्या वर्षीचा ऑगस्ट म्हणजे हवामान खात्याच्या १९०१ पासूनच्या नोंदीत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. राज्यानं आधी ४० तालुके दुष्काळी केले. शेजारचं सिन्नर, येवलं त्यात. आपला तालुका नाही. खाली करमाळा, माढा त्यात होते, ही नावं ध्यानात ठेवा, पुढं लागतील. मग पाण्याचं भांडण. जायकवाडीत ऑक्टोबरच्या मध्याला ६५ टक्के पाणी नसलं की वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून खाली सोडायचं, असं तेव्हा ठरलेलं होतं. त्या वर्षी ८.६ टीएमसी सोडायचा हुकूम झाला. आमचं आवर्तन कमी होणार म्हणून इकडं रास्ता रोको, आणि सोडत नाहीत म्हणून तिकडं रास्ता रोको. 

आमच्या ओसरीवर पारावर मंडळी काय बोलायची ते सांगायला जीभ उचलत नाही. तिकडचे पाणी पळवणारे, असले शब्द. आणि कोण बोलायचं? माळकरी. पैठण म्हणजे नाथांचं गाव, त्या धरणाचं नावसुद्धा नाथसागर. गोदावरीच्या पात्रात सराला बेट, तिथं दोन्ही काठांची माणसं एका पंगतीला बसतात. कार्तिकीला पंढरपुरात एका मठात वैजापूरकडची दिंडी आमच्या शेजारी उतरलेली. दरवर्षी त्यांच्याकडून आम्ही लोणचं घेतो, ते आमच्याकडून पेरू घेतात. त्या वर्षी आमच्यातल्या एकानं पेरूची पाटी झाकून ठेवली. आम्ही पाहिलं, आणि आम्ही काही बोललो नाही. हा पण आमचाच दोष. एकादशी करून परत आलो आणि तिसऱ्या दिवशी, त्रिपुरी पौर्णिमेला, गारांचा पाऊस. निफाडकडं द्राक्षाच्या बागा झोडपल्या, पारनेरकडं पिकं आडवी. ज्या पाण्यावरून आठ दिवसांपूर्वी माणसं एकमेकांच्या अंगावर गेली होती तेच पाणी आता डोक्यात पडत होतं. पेरूची पाटी तशीच मठात राहिली, नासली.

संकटावर संकट आलं की पहिलं काय तुटतं? घर नाही, बांध नाही. शेजार तुटतो. प्रत्येकाला वाटतं आपलंच आधी. आणि ते चूक म्हणायची पण सोय नाही, कारण त्याचं खरंच गेलेलं असतं.

आता २०२५. मे महिन्यात, कृत्तिका-रोहिणीतच पाऊस सुरू. २६ मे ला मुंबईत मान्सून, एवढ्या लवकर कधी आल्याची नोंद नाही. बाकीच्यांना वाटलं बरं झालं. पेरूवाल्यानं डोक्याला हात लावला. मृग बहार धरायचा तर एप्रिल-मेमध्ये झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, मग पावसावर फूल येतं. ताण अर्धवट असताना पाऊस आला, झाड पालवीवर गेलं, फूल कुठाय? हिरवीगार बाग आणि फळ नाही. चाळीतला उन्हाळ कांदा दमट हवेनं सडला. 

तरी वारी केली, ६ जुलैला एकादशी केली. आणि शताब्दीची तयारी सुरू झाली. वर्गणी जमली, पुरणपोळीचा महाप्रसाद ठरला, मिरवणुकीला हत्ती-घोडे आणायचे असं पण एकानं सुचवलं होतं. बरं का, आम्ही पण त्याला मान डोलावली होती.

मग सप्टेंबर. घटस्थापनेच्या सुमाराला सीनेला पूर. नुसता पूर नाही, असा पूर करमाळा-माढ्याच्या म्हाताऱ्यांनी पाहिला नव्हता. दोन वर्षांपूर्वी दुष्काळी जाहीर झालेले तेच तालुके. धाराशिवकडं परांड्याला माणसं हेलिकॉप्टरनं काढली. उत्तरा आणि हस्ताच्या सांध्यावर पुन्हा कोसळला, जायकवाडीचे दरवाजे उघडले, पैठणात पाणी. आपल्याकडंही ओढे घरात आले, ते तुम्ही भोगलंय.

सीनाकाठचं एक गाव आहे. आपल्या दिंडीचा तिथं तीन पिढ्या मुक्काम. त्या गावच्या एका घराच्या ओट्यावर आमचे आजोबा झोपले, वडील झोपले, आम्ही झोपतो. त्या घरची आजी दरवर्षी पिठलं-भाकरी करते. त्यांच्या नातवाचा फोन आला. मागितलं काही नाही त्यानं. एवढंच म्हणाला, "म्हाराज, पुढच्या सालाला मुक्काम दुसरीकडं बघा, आमचा ओटा न्हाई राह्यला."

कमिटीची बैठक बसली. एक म्हणाला शताब्दीचे पैसे तिकडं पाठवा. दुसरा म्हणाला, आपल्याच गावात पंचनामे चाललेत, आपलंच छप्पर गळतंय, तिकडं काय वाटता? पैसे देवाच्या नावानं जमवलेत, ते दुसरीकडं वळवायचा अधिकार कुणाला? शब्दाला शब्द वाढला. आम्ही कुठल्या बाजूला होतो सांगू? दुसऱ्या. आमची बाग गेलेली, सोयाबीन पाण्यात, आम्ही म्हणालो आधी आपलं गाव. तेव्हा मागं भिंतीला टेकून बसलेली एक तुळशीवाली माउली, कधी बैठकीत बोलत नाही, ती म्हणाली, "शंभर वर्सं त्येंच्या दारात फुकट जेवलाव. तवा त्येंनी इचारलं व्हतं का, तुमचं गाव कंचं?" आणि खाली बघून पुन्हा वाती वळायला लागली.

मग कुणी बोललं नाही. निम्मे पैसे सीनेकाठी, पाव आपल्या पंचक्रोशीतल्या ज्यांची घरं पडली त्यांना, आणि पावात आजचा सोहळा, असं ठरलं. हत्ती-घोडे गेले. पुरणपोळी गेली. व्याहीबुवा, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

दोन टेम्पो नेले. ज्वारीचं बियाणं, कडबा, चादरी, भांडी, पोरांना वह्या. बियाण्याचं आमचं चुकलं, ते पण सांगतो. रानात गुडघाभर चिखल, वाफसा यायला महिना लागणार, आणि आम्ही पेरायला बी घेऊन गेलेलो. त्यांना त्या घडीला हवं होतं पिण्याचं पाणी, चुली पेटवायला कोरडं सरपण आणि गुरांना दोन दिवसांचा चारा. वर्गणी देणाऱ्याला वाटतं आपण काय द्यायचं ते आपण ठरवावं. आधी विचारायला पाहिजे होतं. बियाणं तिथल्या देवळाच्या माळ्यावर ठेवलं, नंतर उपयोगी पडलं म्हणतात.

आजीच्या घराची एक भिंत उभी होती. आजी लेकीकडं न जाता देवळात राहिलेली. आम्हाला बघितल्यावर पहिलं काय म्हणाली? "जेवल्याबिगर जायाचं न्हाई." आणि चूल शोधायला लागली. कुठली चूल? आम्ही शेगडी नेली होती, पीठ नेलं होतं. आपल्या बायकांनी परात मांडली, तर आजी हटून बसली की पहिली भाकरी मीच थापणार. थापली. हात थरथरत होता. ती भाकरी आमच्या ताटात आली, आणि आम्हाला मिलोची भाकरी आठवली, आईच्या हातात तुटणारी. आम्ही किती भजनं म्हटली असतील, पण त्या दिवशी घास गिळायला जेवढा वेळ लागला तेवढा कधी लागला नाही.

७ ऑक्टोबरला सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, रब्बीच्या पेरणीसाठी हेक्टरी १० हजार जादा. ज्याला मिळालं त्यानं घ्यावं, ज्याला नाही त्यानं भांडून घ्यावं, त्यात लाज नाही. पण माउली, पॅकेज ओटा बांधून देत नाही. म्हणून कमिटीनं दोन गोष्टी ठरवल्यात आणि त्या तुमच्यापुढं मांडायला आम्हाला सांगितलंय.

एक म्हणजे दिंडीच्या वर्गणीतला पाव हिस्सा इथून पुढं दरवर्षी बाजूला राहणार. त्याला हात लावायचा तो संकटातच. दुसरं एक संकट यायच्या आत पहिल्यातून उठता यावं म्हणून बिनव्याजी बियाणं आणि चारा, फेडायला घाई नाही. वही उघडी राहील, कुणीही येऊन बघावी. आणि दुसरं, ह्या वर्षी सीनाकाठच्या त्या गावात मुक्काम तिथंच होणार. ओटा नसला तर राहुट्या मारू. फक्त ह्या वेळी स्वयंपाक आपण करायचा आणि गावाला जेवायला बोलवायचं. त्यासाठी ताडपत्र्या लागतील, मोठ्या, पाण्याला टिकणाऱ्या. ज्यांच्याकडं असतील त्यांनी विणेकऱ्यांकडं नाव लिहून द्यावं. वैजापूरच्या दिंडीला पण निरोप धाडलाय, त्यांनी लोणचं आणायचं कबूल केलंय. पेरू आमच्याकडं लागले तर आमचे, नाही तर विकत घेऊन नेऊ.

तो टाळकरी आज आलाय. मागं खांबाला टेकून उभा आहे, रजा टाकून आलाय. त्याला आम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.

पंगतीची वेळ झाली. वाढप्यांनी टोपल्या उचलल्यात. भाकरी ऊन आहे तोवर बसून घ्या.

रामकृष्ण हरी.